पहिली ते चौथीच्या वर्गात नाचातून कसं शिकवायचं: नवीन शिक्षकांसाठी पायरी पायरीने

ट्रेनिंगमध्ये "कला एकात्मिक अध्यापन" (म्हणजे कलेतून बाकीचे विषय शिकवणं) हा शब्द एवढ्या वेळा कानावर पडतो की नवीन लागलेल्या प्रत्येक शिक्षकाला तो पाठ असतो, पण सोमवारी सकाळी चाळीसेक पोरं समोर, वर्गात बाकांच्या तीन रांगा, आणि आज ऱ्हस्व-दीर्घ घ्यायचंय, तेव्हा नाच नेमका कुठून सुरू करायचा हे कोणी सांगत नाही. मी ठाण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते, नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीकडे शिकवणाऱ्या मैत्रिणींशी यावर सतत बोलणं चालू असतं, आणि दरवर्षी जूनमध्ये नवीन येणाऱ्या मुलीमुलांचे प्रश्न तेच असतात. म्हणून सगळं एकदा लिहून काढतेय.

तुम्हाला नाच येत नसेल तरी चालेल, आधीच सांगते. भरतनाट्यम शिकलेली बाई वर्गात असेल तर छानच, पण या कामाला नाच येण्यापेक्षा धडा नीट कळलेला असणं जास्त लागतं.

१. आधी ठरवा, नाच कशासाठी

बहुतेकांच्या डोक्यात नाच म्हटलं की गॅदरिंग येतं. गाणं लावायचं, स्टेप बसवायच्या, पुढच्या रांगेत चांगलं नाचणारी, मागे बाकीची. ते वेगळं काम आहे आणि ते डिसेंबरात होतच असतं. इथे आपल्याला शिकवायचा मुद्दा मुलांच्या अंगातून जायला हवाय. मी टाचण (तासाचं लेखी नियोजन) लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारते: या तासातून नाच काढून टाकला तर मुलांना मुद्दा तेवढाच कळेल का? कळणार असेल तर तो नाच काढून टाकते, वेळ वाचतो. पाढ्यांची गाणी लावून पोरं नुसती हात हलवतात ना, ते बघायला गोड वाटतं पण त्यात गणित काहीच नसतं.

मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक बाईंनी विचारलं तर सांगायला आधार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला विषयांशी जोडून शिकवण्याबद्दल स्पष्ट म्हटलंय, आणि सीबीएसई शाळांमध्ये तर आर्ट इंटिग्रेटेड प्रोजेक्ट करावाच लागतो. पण धोरणाचं नाव घेऊन वाद घालू नका, एक तास बघायला बोलवा, ते जास्त उपयोगी पडतं.

२. कागद आणि परवानग्या

हे कंटाळवाणं आहे पण पहिल्याच आठवड्यात उरकून टाका:

- दैनिक टाचण, त्यात अध्ययन निष्पत्ती (तासानंतर मुलाला काय यायला हवं ते) विषयाचीच लिहायची (भाषा, गणित, परिसर अभ्यास), "नृत्य" असं वेगळं लिहिलंत की कोणीतरी विचारतंच, हा तास कशातून काढला?
- मुख्याध्यापकांना दोन ओळींचं पत्र, कुठल्या तासाला, कुठे, आवाज किती होणार.
- पालकांना चिठ्ठी. त्यात मुलाला दमा, फिट, हृदयाचा त्रास, नुकतंच ऑपरेशन असं काही आहे का हे विचारा. यावर उत्तर आल्याशिवाय उड्या मारायला लावू नका.
- फोटो-व्हिडिओसाठी वेगळी लेखी संमती. ती नसेल तर मोबाइल पर्समध्ये ठेवा.

चिठ्ठीत "डान्स" शब्द टाकलात की अर्ध्या पालकांचे मेसेज येतात, कुठला कार्यक्रम आहे, ड्रेस काय लागेल, आणि काही घरांत धार्मिक कारणाने नाचाला नको असतं तिथून नाराजी येते. मी "हालचालींतून शिकणं" असं लिहिते आणि खाली एक उदाहरण देते, म्हणजे पालकांना कळतं की वर्गात काय चालणार आहे. तरीही कोणाला नको असेल तर त्या मुलाला ताल धरायला द्या, मोजायला द्या. त्याचं शिकणं सुटत नाही आणि घरच्यांचा मानही राहतो.

३. जागा

आपल्याकडे जागेचीच खरी मारामारी. हॉल मिळत नाही, मिळाला तर तिथे दहावीची परीक्षा चालू असते, आणि मैदान म्हणजे दोन इमारतींमधली पेव्हर ब्लॉकची पट्टी. त्यामुळे निम्मे उपक्रम बाकाशेजारी उभं राहून होतील असेच निवडा. उरलेल्यांसाठी बाकं भिंतीला लावायची, आणि हे काम मुलांना शिकवायचं, कुठलं बाक कोणी उचलायचं ते ठरलेलं असलं की दोन-तीन मिनिटांत होतं, नाहीतर त्यातच दहा मिनिटं जातात.

जून ते सप्टेंबर फरशीवर लक्ष ठेवा. छत्र्या, ओले बूट, खिडकीतून आलेलं पाणी, आणि आपल्याकडच्या दमट हवेत फरशी पुसली तरी वाळत नाही. नुसत्या मोज्यांवर कधीच नाचवू नका, गुळगुळीत फरशीवर पाय सटकतोच, एकतर बूट घालून नाहीतर पूर्ण अनवाणी. वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल तर खालच्या वर्गाच्या बाईंना विचारून ठेवा, चाळीस पोरांची एक उडी खाली कशी ऐकू येते ते त्यांनाच माहीत. त्यांची चाचणी असेल त्या दिवशी उड्यांऐवजी टाचा उचला.

४. सामान

खंजिरी किंवा डफली एक. खडू किंवा रंगीत चिकटपट्टी, फरशीवर रेषा आणि गोल आखायला. घरातल्या जुन्या ओढण्या. शाळेच्या क्रीडा साहित्यात लेझीम आणि टिपऱ्या धूळ खात पडलेल्या असतात, पीटीच्या सरांना विचारा. ब्लूटूथ स्पीकर असला तर ठीक, पण पहिले काही तास गाणं लावूच नका असं माझं ठाम मत आहे. ओळखीचं गाणं लागलं की मुलांना रीलमधल्या स्टेप आठवतात, सगळा वर्ग एकच स्टेप करायला लागतो आणि तुमचा मुद्दा गेला.

५. थांबणं आधी शिकवा

स्टॅच्यूचा खेळ सगळ्या पोरांना येतो, तोच घ्या. खंजिरी वाजतेय तोवर हलायचं, बंद झाली की पुतळा. पहिला पूर्ण तास फक्त हेच करा, घाई करू नका. पुतळा झाल्यावर तुमची पुढची सूचना वर्गातल्या शेवटच्या मुलाला तुमचा आवाज न चढता ऐकू गेली पाहिजे, तेवढं जमलं की पुढे जायचं. ज्यांनी हे टाळलं त्यांच्या वर्गात तिसऱ्या मिनिटाला धक्काबुक्की सुरू होते आणि मग "नाच नको रे बाबा" म्हणून सगळंच बंद पडतं.

दुसरा नियम अंतराचा. दोन्ही हात पसरून एक गिरकी, कोणालाही हात लागता कामा नये, ती प्रत्येकाची जागा. तिसरा नियम, एकमेकांना हात लावायचा असेल तर बाई सांगतील तेव्हाच आणि समोरच्याने मान हलवली तरच.

६. मुलांना काय विचारायचं

"नाचा" म्हटलं की मुलं एकतर लाजतात नाहीतर सिनेमातलं करतात. विचारायचं असतं ते नेमकं. रुडॉल्फ लाबान नावाचा हंगेरीत जन्मलेला नृत्यशिक्षक होता, १८७९ ते १९५८, त्याने हालचालीकडे बघायची जी पद्धत मांडली ती आज जगभर शाळांमध्ये वापरतात. शिक्षकाच्या कामापुरतं चार गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे: शरीराचा कुठला भाग, कुठल्या जागेत (वर-खाली, सरळ-वाकडं), किती वेगाने, आणि किती जोराने. मग "पाऊस करा" असं मोघम न सांगता "फक्त बोटांनी पाऊस, हळू, वरून खाली" असं सांगता येतं, आणि "आता तोच पाऊस खांद्यांनी, जोरात" म्हटलं की वर्गात चाळीस वेगवेगळे पाऊस दिसतात. तुम्ही करून दाखवायचं नाही, एवढं पथ्य पाळा. बाईंनी करून दाखवलं की सगळे तेच करतात.

७. भाषा: फूल आणि फुलाचा

हा तास सविस्तर लिहितेय कारण नवीन माणसाने यानेच सुरुवात करावी असं मला वाटतं, बाकं हलवावी लागत नाहीत आणि फायदा वहीत दिसतो.

तिसरी-चौथीची मुलं "फुल", "मुल", "मिठ" असं सर्रास लिहितात. नियम आपल्याला माहीत आहे: शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ, आणि शब्दाला प्रत्यय लागून रूप बदललं की तो ऱ्हस्व. फूल पण फुलाचा, मीठ पण मिठात, वीट पण विटेवर, बहीण पण बहिणीला. फळ्यावर लिहून दिलं की पोरं मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी वहीत परत तेच.

आता हे अंगातून करायचं असं. ऱ्हस्व म्हणजे एक मात्रा, खंजिरीचा एक ठोका, जागच्या जागी एक छोटं टुणकन. दीर्घ म्हणजे दोन मात्रा, दोन ठोके, पाय लांब टाकायचा आणि दुसरा ठोका संपेपर्यंत हात ताणत राहायचं. बाकाच्या शेजारी उभं राहूनच. तुम्ही म्हणा "फूऽल", मुलं ताणतात. "फुलाचा", टुणकन. "मीऽठ", ताण. "मिठात", टुणकन. सुरुवातीला गोंधळ उडतो, अर्धी पोरं शेजाऱ्याकडे बघून करतात, म्हणून पाच-सहा शब्द झाले की डोळे मिटून करायला सांगा, तेव्हा कोणाला कळलंय आणि कोणाला नाही ते तुम्हाला सरळ दिसतं. मग उलटं: एक मुलगा नुसती हालचाल करतो, ताण किंवा टुणकन, आणि वर्गाने त्या जातीचा शब्द सांगायचा. आमच्या वर्गात एक अगदी गप्प मुलगा आहे, तोंडी काम म्हटलं की मान खाली, त्याने पुढे येऊन एवढा लांब पाय टाकला की जवळजवळ खालीच बसला आणि मागून कोणीतरी ओरडलं, "पूऽल!", आणि लगेच दुसरी म्हणाली, "तो पुलावर गेला की छोटी उडी." वर्गानेच पुढचा नियम बोलून दाखवला.

शेवटची दहा मिनिटं वही. हे सोडायचं नाही. लिहिताना पोरांचे पाय बाकाखाली हलत असतात, हलू द्या.

इथे एक खड्डा आहे. कोणीतरी हमखास "गुण" किंवा "विष" म्हणतं, आणि हे शब्द तर संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, त्यांना वरचा नियम लागत नाही. त्या दिवशी ते बाजूला लिहून ठेवा, "हे पाहुणे, यांचा तास पुढच्या आठवड्यात", आणि खरंच पुढच्या आठवड्यात घ्या.

विरामचिन्हंही अशीच होतात, स्वल्पविरामाला अर्धा थांबा, पूर्णविरामाला पुतळा, प्रश्नचिन्हाला मान वळवून बघणं. एक मूल परिच्छेद वाचतं, बाकीचे चालतात.

८. गणित

पाढ्यांसाठी सगळ्यात भारी उपक्रम: वर्गाचे दोन गट, तुम्ही खंजिरीवर एकसारखे ठोके द्या आणि सगळ्यांनी एक, दोन, तीन मोजायचं. एक गट दर तिसऱ्या ठोक्याला बसून उठतो, दुसरा दर चौथ्या ठोक्याला हात वर. १२ वर दोन्ही गट एकदम हलतात आणि वर्गात एकच कल्ला होतो, मग २४ ला परत. विचारा, पुढे कधी? काही मुलं ३६ सांगतात, करून बघायच्या आधीच. सामाईक विभाज्य ही गोष्ट पुढे नावासकट येईल तेव्हा ती त्यांच्या ओळखीची असेल.

तबल्याचे ताल इथे कामाला येतात. केहरव्याच्या ८ मात्रा ४ आणि ४, दादऱ्याच्या ६ म्हणजे ३ आणि ३, झपतालाच्या १० मात्रा २-३-२-३ आणि रूपकच्या ७ मात्रा ३-२-२. टाळ्या-पावलांनी हे करून झालं की मुलांना सांगा, १० चे दुसरे तुकडे करून तुमचा ताल बनवा. ४-४-२ येतं, ५-५ येतं, कोणीतरी १-९ करतं आणि नऊ मात्रा उभं राहून दमतं. बेरजेच्या जोड्या पक्क्या होतात.

कोन आणि वळणं: पाव वळण म्हणजे काटकोन, चार पाव वळणं घेतली की परत फळ्याकडे तोंड. सममितीसाठी आरसा, दोघं समोरासमोर, एक हळूहळू हलतो, दुसरा त्याचा आरसा. हळू हा शब्द महत्त्वाचा, वेग वाढला की खेळ उरतो, गणित जातं. लेझीम असेल तर चौथीला चारच्या मोजणीवर पाढा फार सुंदर बसतो, पण चाळीस लेझमी बंद वर्गात नको, मैदानावर जा.

९. परिसर अभ्यास: आपल्याकडे केवढं आहे

ठाणे-नवी मुंबईत शिकवणाऱ्याला विषय शोधायला लांब जावं लागत नाही. ठाणे खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, खाडीचा हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला, आणि ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे तिथे सहल नेता येते. सहलीच्या आधी वर्गात रोहित व्हा. एका पायावर उभं राहायचं, मान खाली, आणि चोच उलटी पाण्यात, कारण हा पक्षी डोकं उलटं करून चिखलपाणी गाळून खातो. पायांनी चिखल ढवळायचा. मुलं हे करताना स्वतःच विचारतात, उलटं का खातो, एका पायावर का उभा राहतो, दमत नाही का, आणि ते प्रश्न फळ्यावर लिहून घेतले की सहलीची प्रश्नावली तयार.

तारपा नाच. तारपा म्हणजे वारली लोकांचं फुंकून वाजवायचं वाद्य. वारली चित्रात मध्ये तारपावाला आणि भोवती माणसांची गुंडाळत गेलेली साखळी असते ना, ते चित्र बहुतेक मुलांनी बसस्टॉपवर, रेल्वेच्या भिंतीवर पाहिलेलं असतं. आधी चित्र दाखवा, मग चित्रातली साखळी फरशीवर आखा आणि त्यावरून चाला. तारपा दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानापासून बनवतात, नाचणारे वाजवणाऱ्याच्या मागे जातात, तो वळला की साखळी वळते, त्याच्याकडे पाठ करत नाहीत. जिव्या सोमा मशे यांनी हीच चित्रकला जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांचा डहाणूचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे कला, इतिहास आणि नकाशा एकाच तासात येतात. एक कळकळीने सांगायचंय: पानांचे झगे आणि तोंडाला काळा रंग असलं "आदिवासी" सोंग अजिबात आणू नका. वर्गात वारली, ठाकर, कातकरी घरातली मुलं असू शकतात, आणि त्यांच्या आजी-आजोबांचा नाच आपण शिकतोय.

कोळी नाचाचंही तेच. ठाण्यात चेंदणी कोळीवाडा आहे, बेलापूरकडे दिवाळे आहे, वर्गात त्या घरातलं मूल असेलच. त्याच्या आजीला बोलवा. वल्हं मारताना जोर कुठून येतो, जाळं टाकताना कमरेतून कसं वळायचं हे त्या दोन मिनिटांत दाखवतात, आणि एरवी मागे बसणारं त्यांचं नातवंड त्या दिवशी सगळ्यांना शिकवत असतं.

फुलपाखराचं जीवनचक्र, पृथ्वीचं स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरणं (सूर्य झालेल्या मुलाच्या हातात टॉर्च द्या, तोंडावर उजेड तो दिवस), हे सोपं आहे, तुम्हाला सुचेल.

१०. न नाचणारी मुलं

लाजणाऱ्याला ओढून पुढे आणू नका, त्याच्या हातात खंजिरी द्या. "नाच मुलींचा असतो" म्हणणारे मुलगे चौथीत भेटतात, त्यांच्याशी वाद न घालता लेझीम आणि जोराच्या हालचाली आधी घ्या. व्हीलचेअरवरचं किंवा पायाने अधू मूल असेल तर सगळ्या वर्गाचा उपक्रमच हात-खांदे-मान यांचा निवडा, त्याच्यासाठी वेगळा कोपरा करू नका. मोठ्या आवाजाचा त्रास होणारी मुलं असतात, त्यांच्यासाठी खंजिरीऐवजी मांडीवर थाप.

११. नोंदी

आकारिक मूल्यमापनात (वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात) प्रात्यक्षिक आणि उपक्रम/कृती ही साधनं आहेतच, तिथे बसतं. मार्क सुंदर नाचण्याला द्यायचे नाहीत. मी एवढंच बघते: मुद्दा हालचालीत बरोबर दिसला का, स्वतःची हालचाल सुचली का, आणि का तशी केली हे सांगता आलं का. एका तासात सगळ्या वर्गाच्या नोंदी होत नाहीत, सात-आठ मुलं ठरवून जा.

१२. उरलेले खड्डे

व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा मोह होतो. मुलं नुकती मोकळी होत असतात, कॅमेरा दिसला की पोझ देतात, आणि एकदा पाठवलेला व्हिडिओ कुठे जाईल यावर आपला ताबा नसतो.

"पोर्शन मागे पडेल" हे ऐकावं लागेल. पंधरा-वीस मिनिटांचाच भाग घ्या आणि त्याच तासाला वही तपासा, वह्याच दाखवायच्या.

गॅदरिंगची वेळ आली की यातलंच काही स्टेजवर न्यायचा आग्रह होतो. नेऊ शकता, पण हालचाली मुलांच्याच ठेवा, तुम्ही सुबक करत बसू नका.

आणि क्रम. जूनमध्ये स्टॅच्यू आणि अंतर, जुलैच्या पावसात फूल-मीठ आणि पाढे, कारण दोन्ही जागेवर होतात, गणपतीनंतर तारपा आणि लेझीम, डिसेंबर-जानेवारीत रोहित आणि ऐरोलीची सहल. आठवड्यातून एकच तास, दुपारच्या डब्याआधीचा, भरल्या पोटी पोरांना उड्या झेपत नाहीत.